मोटारींच्या थप्प्या आणि वायफाय: आमच्या गोडाऊनचा अनुभव

निपाणीत हायवेला लागून आमचं पाण्याच्या मोटारी, पीव्हीसी पाइप आणि फिटिंगचं गोडाऊन आहे. 120 बाय 60 फुटांचा हॉल, वर पत्रा, पुढं ऑफिस आणि अंगण ओलांडून मागं जुनं शेड. निम्मं गिऱ्हाईक कागल, गडहिंग्लज, आजरा, चंदगड भागातलं. आम्ही कर्नाटकात, ते महाराष्ट्रात, म्हणजे वाटेत राज्य बदलतं. 50,000 रुपयांच्या वरचा माल असला तर ई-वे बिल (जीएसटीचा ऑनलाइन वाहतूक परवाना) झाल्याशिवाय गाडी सोडता येत नाही. शिवाय वॉरंटी सिरियल नंबरवर चालते, म्हणून प्रत्येक मोटारीचा नंबर आम्ही बिलात घालतो.

हे नंबर मोबाईलनं स्कॅन करायची सोय केली होती, पण वायफाय मागच्या रांगांपर्यंत पोचायचंच नाही. पत्र्याखाली मोबाईलचं नेटही धड मिळत नाही. हमालमामा लांबून हाक मारायचे, "मालक, हितं काय येईना झालंय बघा." मग नंबर कागदावर उतरून ऑफिसात यायचे. असाच एकदा 8 चा 3 झाला. गडहिंग्लजकडच्या एका शेतकऱ्याची मोटार जळाली आणि नंबर जुळेना म्हणून वॉरंटी अडकली. शेतात उभा ऊस वाळत होता आणि ते चार दिवस आमच्याकडं हेलपाटे घालत होते. त्यांचा चेहरा अजून डोळ्यांसमोर आहे. त्याच आठवड्यात हे काम हातात घेतलं.

आधी रिपीटर आणला आणि जिथं सिग्नल नव्हता तिथंच लावला. मोबाईलवर दांड्या पूर्ण दिसायच्या, पण स्कॅन पुढं सरकेना. रिपीटरला स्वतःलाच चांगला सिग्नल मिळाला तर तो पुढं देणार. त्यात एकाच रेडिओवर घेणं आणि देणं दोन्ही करायचं असेल, तर वेग निम्म्यावर येतो. तो परत केला.

मग मुलानं मोबाईलवर सिग्नल मोजायचं ॲप घातलं. कागदावर गोडाऊनचा नकाशा काढून आम्ही दर दहा फुटांवर उभे राहिलो आणि आकडे लिहिले. हे आकडे उणे असतात. शून्याच्या जितके जवळ तितकं चांगलं. उणे 67 पर्यंत काम सुरळीत चालतं, उणे 80 च्या खाली गेलं की तुटायला लागतं. ऑफिसात उणे 45, तिसऱ्या रांगेत उणे 78, मागच्या भिंतीला उणे 88. त्यातलं बरंचसं नुकसान ऑफिसातच होत होतं, कारण राऊटर लोखंडी कपाटाच्या मागं ठेवलेला. लोखंडातून ही लहर पार होत नाही, परत फिरते.

उपाय एकच होता: वायर ओढून हॉलमध्येच ॲक्सेस पॉइंट, म्हणजे वायरीतून नेट घेऊन तिथंच वायफाय देणारे डबे, बसवायचे. दोन हॉलमध्ये, एक मागच्या शेडात. वीज आणि नेट एकाच वायरीतून जाणार, म्हणजे छताला वेगळा प्लग नको. इथं वायरीनं त्रास दिला. दुकानातून आणलेली वायर वरून तांब्याची आणि आत ॲल्युमिनियमची निघाली. जवळचा ॲक्सेस पॉइंट चालला, लांबचा सारखा बंद-चालू व्हायचा, कारण एवढ्या अंतरात व्होल्टेज पडत होतं. ती सगळी काढून शुद्ध तांब्याची कॅट-6 ओढली. विकत घेताना एक टोक सोलून चाकूनं खरवडून बघा. आत पांढरं दिसलं तर घेऊ नका. आणि एका वायरीची लांबी 100 मीटरच्या आतच ठेवा.

मागच्या शेडाला मात्र मुद्दाम फायबर नेलं. आमच्याकडं एप्रिल-मे महिन्यांत वळीव विजांसकट येतो. दोन इमारतींमध्ये तांब्याची वायर उघड्यावरून गेली की वीज जवळपास पडल्यावर दोन्हीकडची यंत्रं जळू शकतात. फायबरच्या काचेतून वीज वाहत नाही.

तिन्ही ॲक्सेस पॉइंटना वायफायचं नाव आणि पासवर्ड एकच दिला, पण 2.4 गिगाहर्ट्झवर चॅनेल 1, 6 आणि 11 असे वेगळे ठेवले, कारण हे तीन एकमेकांवर चढत नाहीत. सिग्नलची ताकदही कमी केली. ताकद पूर्ण ठेवली तर मोबाईल लांबच्याच ॲक्सेस पॉइंटला चिकटून राहतो. त्याचा आवाज मोबाईलला येतो, पण मोबाईलचा आवाज तिकडं पोचत नाही.

हे सगळं श्रावणात झालं. माल कमी, हॉल मोकळा, आकडे सुरेख. संक्रांतीनंतर उन्हाळ्याच्या सीझनचा माल उतरला, मोटारींच्या थप्प्या बारा फुटांवर गेल्या आणि मधल्या बोळात पुन्हा उणे 82. ॲक्सेस पॉइंट भिंतीवर आठ फुटांवर होते, त्यांच्यापुढं बिडाची, म्हणजे ओतीव लोखंडाची भिंतच उभी राहिली होती. गोडाऊनचं मोजमाप माल भरलेला असतानाच करायला पाहिजे, ही गोष्ट मला आधी कुणी सांगितली असती तर दोन दिवसांचं काम वाचलं असतं. तिथले दोन्ही ॲक्सेस पॉइंट काढून पत्र्याखालच्या कैचीला, बरोबर बोळांच्या वर टांगले, म्हणजे सिग्नल वरून खाली बोळात उतरतो. मालही हलवला. पीव्हीसीतून सिग्नल सहज जातो, म्हणून पाइप मधोमध घेतले आणि मोटारी बाहेरच्या भिंतीला लावल्या. हमालमामांनी भिंतीवर दहा फुटांवर पिवळी रेघ मारली. थप्पी तिच्यावर जात नाही.

परवा चंदगडची गाडी भरताना 40 मोटारी होत्या. मामांनी बोळातच उभं राहून सगळे नंबर स्कॅन केले. शेवटची मोटार गाडीत चढेपर्यंत ऑफिसात बिल तयार होतं.