पत्र्याखालचा स्टुडिओ : आमची वाटचाल

आमचं दुकान गुहागर तालुक्यात, शृंगारतळीच्या बाजारात. मूळ धंदा ॲम्प्लिफायर दुरुस्तीचा आणि लग्नाला, पूजेला स्पीकर भाड्याने देण्याचा. मागची खोली रेकॉर्डिंगची झाली ती जाखडीच्या, म्हणजे कोकणातल्या गणपतीतल्या नाचाच्या, मंडळांमुळे. गणपतीत नाच उभा राहायचा, म्हणजे नवी गाणी आषाढ-श्रावणात भरायला हवीत. आणि तेव्हा तर आमच्याकडे पाऊस! छपराला पत्रा. शाहिराच्या तोंडाजवळ माइक धरून, दाराला गाद्या लावून गाणं कसंबसं निभावतं. पण ढोलकी, झांज, ड्रमला चार-पाच माइक लावले की त्या सगळ्यांतून पाऊसच ऐकू येतो. कॉम्प्युटरवर ठेका वाजवणाऱ्या मिडी फायलींकडे आम्ही वळलो ते या पत्र्यामुळे, हौस नंतरची.

मंडळवाल्यांना आधी हेच समजवावं लागतं की मिडी फाइलमध्ये आवाज नसतो. कुठला आघात, कधी, किती जोरात, एवढ्याच सूचना. बोल लिहिलेली वही म्हणा. वाजवायचं काम कॉम्प्युटरमधलं वाद्य करतं. १९८३ साली अमेरिकेतल्या नॅम या वाद्यांच्या प्रदर्शनात सिक्वेन्शियल आणि रोलँड या दोन वेगळ्या कंपन्यांचे कीबोर्ड एका केबलने एकमेकांशी बोलले, तिथून ही भाषा चालू झाली. १९९१ च्या जनरल मिडी या सामाईक यादीने ड्रमला दहावा चॅनल दिला आणि ड्रमसेटमधल्या वाद्यांचे आकडे ठरवले : ३६ म्हणजे किक (मोठा ड्रम), ३८ स्नेअर, ४२ बंद हायहॅट (झांजांची जोडी). म्हणून ही यादी पाळणाऱ्या कुठल्याही वाद्यावर ड्रमची फाइल बरोबर वाजते. फक्त ३६ ला सुराच्या अक्षरात एक सॉफ्टवेअर सी-१ म्हणतं, दुसरं सी-२. नवीन पोरांना सांगतो, अक्षर सोडा, आकडा बघा.

तयार फायली रिमिक्स चालीच्या गाण्यांना बऱ्या चालल्या. जाखडीला नाही. त्या १९९१ च्या यादीत बाँगो आहे, काँगा आहे, ब्राझीलची क्विका आहे. ढोलकीला जागा नाही. शिवाय तयार फाइल एका लयीत सरळ जाते आणि आमचा शाहीर कडवं चढलं की लय चढवतो. त्याला क्लिकला, म्हणजे एकसारख्या टिकटिकीला, बांधलं तर गाणं मरतं. मग आम्ही उलटं केलं : आधी आवाज भरायचा, त्याच्या समा धरून टेम्पोचा नकाशा आखायचा आणि ठेका त्या नकाशावर बसवायचा. वेळखाऊ काम आहे, पण पैसे लोक याचेच देतात.

ठेके मिळाले बेंजो पार्टीतल्या ऑक्टोपॅडवाल्याकडून (ऑक्टोपॅड म्हणजे काठीने वाजवायचे इलेक्ट्रॉनिक पॅड). पावसाळ्यात लग्नं नसतात, त्याचा हात मोकळा. ऑक्टोपॅडची मिडी केबल कॉम्प्युटरला जोडली, पॅडवर ढोलकीचे नमुने लावले. बफर म्हणजे कॉम्प्युटर आवाज बाहेर सोडण्याआधी साठवतो तो तुकडा; ४८ किलोहर्ट्झला तो ५१२ ठेवला तर नुसत्या बफरचा जवळजवळ ११ मिलिसेकंद उशीर होतो. त्याच्या हाताला ते लगेच कळलं. १२८ वर आणलं, पावणेतीनच्या आत आलं, तेव्हा कुठे गडी खुलला. त्याचे आघात १ ते १२७ च्या मापात नीट उतरतात, आणि आम्ही ते कधीच पूर्ण क्वांटाइज करत नाही, म्हणजे मोजून ठरल्या जागी बसवत नाही. पूर्ण बसवलेली ढोलकी आम्हाला तरी शिलाई मशीनसारखी वाटते.

सर्वांत छळलं ते घिश्श्याने. डाव्या पुडीचा तो घसरता घुमार पिच-बेंडने, म्हणजे सूर वरखाली सरकवणाऱ्या सूचनेने, येतो, पण बेंड अख्ख्या चॅनलला लागतो, म्हणजे चाटीचा, उजव्या पुडीचा, आवाजही वाकडा होतो. शेवटी डावीकडची धूम एका चॅनलवर, चाट दुसऱ्यावर ठेवली. त्याचा फायदाही झाला : शाहिराची पट्टी काळी दोन असो वा पांढरी चार, चाट तेवढी सुरात लावता येते.

यामुळे मुंबईच्या चाकरमानी मंडळांचं काम येऊ लागलं. तालमीत लय कमी वाटली की ते फोन करतात, आम्ही आकडा बदलून ट्रॅक परत पाठवतो. भरलेला आवाज ताणला तर तो फाटतो. मिडीत आघात फक्त जवळ येतात.

'ढोलकीवाल्यांच्या पोटावर पाय देताय,' असं आम्हाला तोंडावर ऐकवलं गेलं आहे. राग रास्त होता. तेव्हापासून ज्याच्या हाताचा ठेका पुन्हा वापरला त्याला त्या गाण्याची बिदागी पुन्हा मिळते, आणि नाचाच्या प्रत्यक्ष कार्यक्रमाला आम्ही ट्रॅक देत नाही. तिथे माणूसच वाजवणार. यात दोन मंडळं तुटली, तुटू देत.

सध्या झांजेवर काम चालू आहे. दाबलेल्या आघाताने आधीचा झणकार तुटायला हवा, जसा ४२ वाजला की ४६ चा उघडा हायहॅट बंद होतो. गणपतीच्या आधी हे बसवायचं आहे, आणि दुपारची लाईट टिकली तर बसेलही.