मुलाबाळांचा विषय आत्ताच का?

"आधी जीव वाचू दे, मुलाबाळांचं नंतर बघू." तरुण मुलीला स्तनाचा कॅन्सर निघाला की घरचे हे मला हमखास ऐकवतात, आणि पाठोपाठ विचारतात, हा विषय आत्ता काढायची काय गरज? मी कॅन्सरच्या ओपीडीत समुपदेशन करते. तुम्हीही तेच विचारलंत म्हणून नीट सांगते.

नंतर बघायला काही उरेल याची खात्री नसते, म्हणून. स्तनाच्या कॅन्सरच्या केमोत बरेचदा सायक्लोफॉस्फमाइड हे औषध असतं. कॅन्सरच्या पेशींबरोबर ते अंडाशयातला बीजांचा साठाही घटवतं, आणि तो साठा पुन्हा भरत नाही. पंचविशीत पाळी बहुधा परत येते, चाळिशीजवळ ती आशा कमी होते. आणि पाळी आली म्हणजे साठा शाबूत आहे, असंही नाही. कॅन्सर हार्मोनवर वाढणारा असेल तर पुढे पाच ते दहा वर्षं गोळ्या. त्यांतली टॅमॉक्सिफेन ही गोळी चालू असताना दिवस राहू द्यायचे नसतात. वय मात्र पुढे सरकतच असतं.

म्हणून केमोआधीच बीजं काढून गोठवून ठेवता येतात. ती काढेपर्यंत आजार वाढला तर, ही भीती रास्त आहे. पूर्वी पाळीची वाट पाहावी लागे. आता पाळीच्या कुठल्याही दिवशी सुरुवात करता येते आणि साधारण दोन आठवड्यांत काम होतं. रोज पोटावर बारीक सुईचं इंजेक्शन, इस्ट्रोजेन हे हार्मोन फार चढू नये म्हणून सोबत लेट्रोझोलची गोळी, अधूनमधून सोनोग्राफी, आणि शेवटी थोडा वेळ भूल देऊन सुईने बीजं काढून घेणं. ऑपरेशनची जखम भरेपर्यंत केमो तसाही थांबलेला असतो, त्या दिवसांत हे बसतं. केमो आधी द्यायचा असेल तर तपासण्यांच्या काळातच धावपळ करावी लागते. एखादीला तेवढंही थांबणं परवडणारं नसतं. मग डॉक्टरांनी तसं तिला स्पष्ट सांगावं.

माझी तक्रार आहे ती इथेच. उपचारांआधी हा विषय डॉक्टरांनी स्वतःहून काढावा, असं अमेरिकेतल्या कॅन्सरतज्ज्ञांच्या संघटनेने, 'ॲस्को'ने, २००६ मध्येच सांगितलंय. तरी एका लग्न न झालेल्या मुलीशी कोणी बोललंच नव्हतं. डॉक्टर सगळं तिच्या वडिलांना समजावत होते आणि ती ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत बसली होती. बाहेर आल्यावर तिने मला हळूच विचारलं, "मला मूल होईल ना?" तोवर तिचे केमो सुरू होऊन गेले होते. लग्न झालं नव्हतं म्हणून विचारलं नाही, हे कारण मला कधीच पटणार नाही. बीजं गोठवायला नवरा लागत नाही.

गरोदरपणाने कॅन्सर उलटतो, हा धाकही अजून घातला जातो. २०२३ मध्ये 'पॉझिटिव्ह' या अभ्यासाचे निष्कर्ष आले. त्यात ५१८ जणींनी हार्मोनच्या गोळ्या दीड ते अडीच वर्षं घेऊन मग बाळासाठी काही काळ थांबवल्या. त्यांच्यात आजार उलटण्याचं प्रमाण सुरुवातीच्या सुमारे साडेतीन वर्षांत तरी जास्त दिसलं नाही. पुढची वर्षं पाहायची आहेत, पण सरसकट "नाही" म्हणायचे दिवस गेले.

खर्च मोठा आहे, विमा बहुधा हात वर करतो, आणि गोठवलेल्या बीजांतून मूल होईलच अशी हमी कोणी देऊ शकत नाही. हेही मी सांगते. सगळं ऐकून काही जणी नको म्हणतात. एकीने सासूबाईंसमोरच सांगितलं, "मला मूल नकोच होतं." तिचंही बरोबर. उत्तर तिचं हवं, सासूबाईंचं किंवा वडिलांचं नव्हे.

तुमच्या घरात कोणी असेल तर पहिल्या केमोआधी तिच्या डॉक्टरांना विचारा आणि वंध्यत्वतज्ज्ञांसाठी त्यांच्याकडून चिठ्ठी मागून घ्या. केमोची तारीख पडली असली तरी आजच फोन करा.