बसून झोपणारी मुलगी

"हृदयाचं तर बाळपणीच झालं ना मॅडम? मग आता झोपेची तपासणी कशाला?" वायरी लावायला घेतल्या तेव्हा आईनं विचारलं. प्रश्न रास्त होता. मुलगी नऊ वर्षांची, डाउन सिंड्रोम, म्हणजे जन्मतः एक गुणसूत्र जास्त. या मुलांपैकी जवळपास निम्म्यांना जन्मतः हृदयदोष असतो, आणि हिचा त्यातला अगदी ठरावीक: वरच्या आणि खालच्या कप्प्यांमधल्या पडद्यांना मधोमध मोठं भोक, दोन झडपांऐवजी एकच सामाईक झडप. वर्षाच्या आत ऑपरेशन झालं, दुरुस्तीही चांगली टिकली. पण आता इकोमध्ये, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीत, फुप्फुसांच्या रक्तवाहिन्यांतला दाब वाढलेला दिसत होता आणि हृदयात तसं कारण सापडत नव्हतं. म्हणून हृदयतज्ज्ञांनी तिला आमच्या स्लीप लॅबमध्ये पाठवलं. मी तिथे रात्रपाळीची टेक्निशियन.

"झोपते छान, घोरणंही फार नाही. फक्त बसून झोपते," आई म्हणाली. म्हणजे मांडी घालून, पुढे वाकून, कपाळ गादीला टेकवून. "या मुलांचं अंग लवचीक असतं, त्यामुळे तशी झोपतात, असं सगळे सांगतात."

अंग लवचीक असतं, खरंच आहे. पण हे वाक्य ऐकलं की माझा जीव वर-खाली होतो. दिवसा पेंगते? डाउनमुळे. चिडचिड करते, अभ्यासात मागे पडते? तेही डाउनमुळेच. एकदा हे उत्तर मिळालं की पुढे कोणी शोधत नाही. या मुलांच्या चेहऱ्याचा मधला भाग लहान, घशाची वाट अरुंद, त्या मानानं जीभ मोठी आणि स्नायू सैल. त्यात टॉन्सिल वाढले की झोपेत वाट मिटतेच. इतर मुलांत हा त्रास शंभरात एक ते पाच जणांना. यांच्यात निम्म्याहून जास्त मुलांना. आईवडिलांची तक्रार असो-नसो, चार वर्षांच्या आत प्रत्येकाची झोप तपासावी असं बालरोगतज्ज्ञांची मार्गदर्शक तत्त्वं सांगतात ते यासाठीच. घरच्यांना जे दिसतं आणि यंत्रावर जे उमटतं, त्यांचा मेळ बरेचदा बसत नाही.

वायरी आधी तिच्या बाहुलीला लावल्या, मग तिला. नाकातली नळी तिनं ओढून काढली, पुन्हा लावली, पुन्हा काढली. शेवटी झोप लागल्यावर हळूच बसवली.

पहिले काही तास ती तिच्या पद्धतीनं घडी होऊन झोपली. रक्तातला ऑक्सिजन नव्वद टक्क्यांच्या थोडा वर. मग स्वप्नांची झोप सुरू झाली आणि ती कलंडून उताणी झाली. पडद्यावर हवेची रेघ सपाट. छाती आणि पोट मात्र एकमेकांच्या उलट हलत होते, म्हणजे ती श्वास घ्यायला धडपडत होती, पण हवा आत जात नव्हती. घोरण्याचा आवाज नाही. वाट पूर्ण बंद झाली की घोरणंही थांबतं. ऑक्सिजन ८४, ७९, ७४. मग एक हिसका, मोठा श्वास, आणि डोळेही न उघडता ती उठून बसली, पुन्हा पुढे वाकली.

"बघा, बसली की कशी शांत झोपते," शेजारच्या कॉटवरून आई म्हणाली. तिचं निरीक्षण अचूक होतं. वाकलं की जीभ आणि जबडा पुढे येतात, वाट मोकळी होते. पोरीनं स्वतःचा उपाय स्वतःच शोधला होता. पण रात्री निदान सांगायचा मला अधिकार नसतो. मी नुसतं "हो ताई" म्हटलं.

ऑक्सिजन पडला की फुप्फुसांतल्या रक्तवाहिन्या आकसतात. रोज रात्री हेच चाललं तर हृदयाच्या उजव्या बाजूला त्या दाबाविरुद्ध रक्त ढकलत राहावं लागतं, मग ऑपरेशन कितीही उत्तम झालेलं असो.

अहवालात तासाला ३१ अडथळे आले. लहान मुलांत एकाच्या वर गेलं तरी ते बरोबर नाही, दहाच्या वर गंभीर. टॉन्सिल आणि अ‍ॅडेनॉइड, म्हणजे नाकामागची गाठ, काढले. भूल देताना मानेची खास काळजी घेतली, कारण या मुलांत मानेच्या वरच्या दोन मणक्यांचा सांधा सैल असू शकतो. नंतरच्या तपासणीत आकडा ८. आईचा चेहरा पडला, पण यांच्यात नुसत्या ऑपरेशननं बऱ्याच जणांचं पुरतं भागत नाही.

आता सीपॅपचा मास्क, म्हणजे झोपेत हवेच्या दाबानं घशाची वाट उघडी ठेवणारं मशीन. आधी बाहुलीला, मग दिवसा मशीन बंद ठेवून, मग रात्री. झोपताना ती आता स्वतःहून लावून घेते आणि चारेक तासांनी काढून टाकते. स्वप्नांची झोप जास्त असते ती पहाटेकडे, श्वासही तेव्हाच जास्त अडतो. तेव्हा पुन्हा लावा, असं मी म्हणते. इतक्या दिवसांनी आडवी झोपायला लागलीय, तिला उठवू कशी, असं आई म्हणते. सध्या आमचं त्यावरच चाललंय.