बरणीतला विद्युतदर्शी : प्रभार ओळखण्यापेक्षा टिकवणं अवघड

विद्युतदर्शी म्हणजे एखाद्या वस्तूवर विद्युत प्रभार आहे का हे दाखवणारं साधं उपकरण. त्याची आकृती शाळेपासून डोळ्यांसमोर असते. बाटली, बुचातून खाली उतरलेली दांडी, टोकाला दोन पानं. जुळणीला मला अर्ध्या तासाहून जास्त लागला नाही. बाकी सगळा वेळ गेला तो एकाच कामात: पानांवर आलेला प्रभार पळू न देण्यात.

साहित्य साधं घेतलं. अर्ध्या लिटरची रुंद तोंडाची काचेची बरणी, तिचं प्लास्टिकचं झाकण, २ मिलिमीटर जाडीची २० सेंटिमीटर तांब्याची तार आणि स्वयंपाकघरातली अ‍ॅल्युमिनियम फॉइल. तार मोटारीच्या वाइंडिंगची असेल तर तिच्यावर वार्निशचा थर असतो. पानं जिथे टांगायची तिथे आणि वरच्या टोकाला तो सँडपेपरने घासून काढायलाच हवा, नाहीतर तार चकचकीत दिसते आणि पानांपर्यंत काहीच पोचत नाही. तारेचं वरचं टोक चकलीसारखं सपाट गुंडाळून चकती केली आणि शेवटचं टोक आत दुमडलं. उघडं टोक ठेवू नये. टोकाशी विद्युतक्षेत्र तीव्र होतं, तिथली हवा आयनित होते (तिच्यात आयन म्हणजे प्रभारित कण तयार होतात) आणि प्रभार तिथूनच निसटतो.

पानं ४ सेंटिमीटर लांब आणि ६ मिलिमीटर रुंद कापली. साधारण १६ मायक्रॉन जाडीच्या फॉइलचं असं एक पान १० मिलिग्रॅमच्या आसपास भरतं. अब्राहम बेनेटने १७८७ मध्ये सुवर्णपत्राचा विद्युतदर्शी मांडला तो उगाच नव्हे. सोन्याचा वर्ख साधारण ०.१ मायक्रॉनचा असतो, त्यामुळे तेवढंच पान या फॉइलच्या सुमारे विसाव्या भागाइतक्या वजनाचं होतं. पण वर्ख हाताळणं म्हणजे डोकेदुखी. श्वासानेही उडतो. पहिल्या प्रयत्नाला फॉइलच बरी.

फॉइलला सुईने भोक पाडलं की मागच्या बाजूला बारीक कंगोरा उठतो. तो दुसऱ्या पानात अडकतो आणि पानं उघडतच नाहीत. भोकाभोवती चमच्याच्या पाठीने हलकेच घासलं की तो बसतो. तारेच्या खालच्या टोकाला आकडा करून दोन्ही पानं त्यात सैल अडकवली. फुंकर मारल्यावर दोन्ही स्वतंत्र हलली पाहिजेत.

आता चाचणी. पीव्हीसी पाइप लोकरीने घासला की त्यावर ऋणप्रभार येतो. तो चकतीच्या जवळ, पण न टेकवता, आणला. चकतीतले इलेक्ट्रॉन खाली पानांकडे ढकलले गेले, दोन्ही पानं ऋणप्रभारित झाली आणि फाकली. पाइप लांब नेला की पुन्हा मिटली. यात बिघाड काही नाही. बाहेरून प्रभार आलाच नव्हता, होता तोच वर-खाली सरकला होता; यालाच प्रवर्तन म्हणतात.

प्रभार पानांवर राहावा यासाठी क्रम महत्त्वाचा. पाइप चकतीपासून ४-५ सेंटिमीटरवर धरायचा, दुसऱ्या हाताचं बोट चकतीला लावायचं (पानं लगेच मिटतात), मग आधी बोट काढायचं आणि नंतर पाइप. उरतो तो धनप्रभार, पाइपच्या उलट. पाइप आधी काढला तर बोटातून सगळं पूर्ववत होतं आणि हाती शून्य.

इथेच खरी कटकट सुरू झाली. तार झाकणातून थेट घातली होती. पानं उघडली आणि अर्ध्या मिनिटात खाली आली. झाकणावर बोटांचा तेलकट मळ, त्यावर हवेतला ओलावा, आणि गळतीला वाट तयार. मग झाकणाला मोठं भोक पाडून त्यात पॉलिप्रॉपिलीनची नळी बसवली आणि तार नळीतून नेली. नळीला साबणाने धुऊन, पूर्ण वाळवून, पुन्हा बोट लावलं नाही. बरणी हेअर ड्रायरने शेकली, तळाशी सिलिका जेलच्या दोन पुड्या टाकल्या. बुचाचं लाकूड दिसायला छान, पण ओलावा धरतं, ते टाळावं.

नळीनेही एकदा फसवलं. चकतीला बोट लावूनही पानं पूर्ण मिटेनात. भोकात दाबून बसवताना घासून नळीलाच प्रभार आला होता. पुन्हा धुऊन वाळवल्यावर तो गेला. पानं काचेला चिकटत असतील तर काच प्रभारित झालेली असते. त्यासाठी बरणीच्या आत समोरासमोर फॉइलच्या दोन पट्ट्या लावून त्या काठावरून बाहेर काढल्या आणि बाहेरची टोकं हातात धरली. पानांना हिसका बसायचा थांबला.

इतकं करूनही गळती शून्यावर येत नाही, कारण बंद बरणीतल्या हवेतही सतत थोडे आयन तयार होत असतात. भौतिकशास्त्रज्ञ व्हिक्टर हेसने १९१२ मध्ये अशाच जातीची, अर्थात फार काटेकोर बनवलेली उपकरणं बलूनमधून ५ किलोमीटरच्या वर नेली. तिथे प्रभार जमिनीपेक्षा वेगाने उतरत होता. त्यातूनच वैश्विक किरणांचा, म्हणजे अवकाशातून येणाऱ्या किरणांचा शोध लागला. घरच्या बरणीत मात्र आधी मळ आणि दमटपणावर संशय घ्यावा. आयन प्रभार कसा घालवतात हे तपासायचं असेल तर चकतीच्या वर काही सेंटिमीटरवर पेटती काडी धरा: ज्योतीतल्या आयनांमुळे पानं न स्पर्शताच मिटतात.

९ व्होल्टची बॅटरी लावून पाहणाऱ्यांची मात्र निराशा होते. एवढ्या जड फॉइलला दिसेल इतकं फाकायला शेकडो व्होल्ट लागतात.

प्रभार धन की ऋण हे ठरवताना एकच खूण धरावी: पानं आणखी फाकली तर समोरच्या वस्तूवर विद्युतदर्शीसारखाच प्रभार आहे. पानं जवळ आली तर विरुद्ध प्रभार असेलच असं नाही; प्रभारहीन धातू किंवा नुसता हात जवळ नेला तरी ती थोडी मिटतात. शिवाय विरुद्ध प्रभार जोरदार असेल तर पानं आधी मिटतात आणि वस्तू आणखी जवळ आली की पुन्हा उघडतात. पाइप झटकन आणला तर मधलं मिटणं दिसतच नाही आणि उत्तर नेमकं उलटं येतं. म्हणून वस्तू अर्ध्या मीटरवरून सावकाश आणायची आणि पानांची पहिली हालचालच तेवढी टिपायची.