मंजिष्ठ: खोडाचा रंग वेगळा, मुळाचा वेगळा

कुंडीतल्या मंजिष्ठेने पावसाळ्यात ग्रिल गाठलं आणि आता ती वरच्यांच्या बाल्कनीत डोकावते आहे. दिसायला साधीच वेल. पण खोडावरून बोट खालून वर न्या, लगेच अडकतं. खोड चौकोनी आणि धारांवर उलटे वाकलेले बारीक काटे. त्यांच्याच जोरावर ती चढते. पेराला चार-चार पानं दिसतात, त्यातली दोनच खरी, बाकीची दोन पानासारखी वाढलेली उपपर्णं. कॉफीच्या कुळातली ना ही!

कापडाला लाल रंग देतात ती हिची मुळं, म्हणून कडेची माती उकरून पाहिली. मुळं अजून दोऱ्यासारखी बारीक आहेत, नखाने खरवडलं की आत केशरी दिसतं. एवढ्यात हात लावणार नाही. रंग साठतो तो जाड, जुन्या मुळांत, त्यामुळे तीन पावसाळे तरी थांबायला हवं.

तोवर बाजारातली मंजिष्ठ. काष्ठौषधीच्या दुकानातून आणलेल्या पुड्यात खोडाचे तुकडेच जास्त निघाले. वैद्यांचं त्यावाचून अडत नाही, औषधात खोडही चालतं. चरकसंहितेत ती वर्ण्य, म्हणजे कांती सुधारणाऱ्या द्रव्यांत येते आणि महामंजिष्ठादि काढा कुठल्याही आयुर्वेदिक दुकानात मिळतो. रंगवणाऱ्याला मात्र हा फरक महागात पडतो, म्हणून या वेळी पुडा सोलून-निवडून दोन ढीग केले. पेरं दिसली की खोड. पेरं नाहीत, मोडल्यावर आत लालभडक, ते मूळ.

कापड मांजरपाट. धुण्याच्या सोड्यात उकळून खळ काढली, रात्रभर हिरड्याच्या पाण्यात ठेवून वाळवलं, मग रंग पक्का धरायला तुरटी, कापडाच्या वजनाच्या 20 टक्के. लोकर-रेशमाला हिरडा लागत नाही. सुताला मात्र हिरड्यातल्या टॅनिनशिवाय तुरटी नीट धरत नाही. दोन्ही ढिगांची जाडसर भरड, कापडाच्या वजनाइतकीच. पहिलं गार पाणी पिवळट-तपकिरी येतं, ते ओतून दिलं. मग मंद आच, 70 अंशांच्या आत, तासभर, आणि त्याच पाण्यात गार होऊ दिलं.

खोडाची पट्टी फिकट गुलाबी, पीचकडे झुकणारी. वाईट नाही, झबल्याला शोभेल. मुळाची पट्टी विटकरी लाल, आणि धुतल्यावरही तशीच! हिरड्याची पिवळसर झाक खाली असल्यामुळे तो विटकरी होतो, असा माझा अंदाज. रेशमाच्या लडीवर हिरडा नव्हता, तिथे लाल बराच स्वच्छ आला.

पाण्याचंही पाहिलं. बोअरच्या जड पाण्यात लाल भरला, फिल्टरच्या पाण्यात मरगळला. पाण्यातला चुना या रंगाला मदत करतो, तेव्हा फिल्टरचंच पाणी असेल तर चिमूटभर खडूची पूड घालून बघा.

विलायती पुस्तकांतल्या कृती आपल्याकडे जशाच्या तशा का जमत नाहीत, हे विचारणाऱ्यांसाठी: त्यांची मॅडर म्हणजे मंजिष्ठेची विलायती बहीण, रुबिया टिंक्टोरम, तिच्यात ॲलिझरिन हे लाल रंगद्रव्य भरपूर. आपली रुबिया कॉर्डिफोलिया. तिच्यात मुख्यतः परप्युरिन आणि मुंजिस्टिन ही दुसरी रंगद्रव्यं, म्हणून छटा नारिंगीकडे झुकते. ॲलिझरिन 1868 मध्ये ग्रेबे आणि लीबरमान यांनी प्रयोगशाळेत बनवलं आणि पुढे युरोपातली मॅडरची शेती बसली. आपल्या वेलीलाही कृत्रिम रंगांनी कापडावरून हटवलं, पण काढ्यात ती टिकली. आपल्याला आज पुडा मिळतो तो वैद्यांच्या कृपेने.

आता दोन्ही पट्ट्या अर्ध्या पुठ्ठ्याने झाकून दक्षिणेच्या खिडकीत लावल्या आहेत. खोडाचा गुलाबी उन्हात किती टिकतो ते बघायचं आहे. माझा त्याच्यावर फारसा भरवसा नाही. उरलेल्या पाण्यात गुळाच्या पाण्यात लोखंड भिजवून केलेल्या पाण्याचे थेंब टाकून जांभळट तपकिरी काढायचाही बेत आहे.

कुणाकडे तीन वर्षांहून जुनी वेल असेल तर मुळं किती जाड झाली ते सांगा. कुंडी मोठी करायची की वेल सरळ जमिनीत लावायची, ते त्यावर ठरवेन.