गोगलगाय, पोटात पाय आणि विषात इन्सुलिन

माझी आत्या दांडिया बाजारात राहते, शुगर जुनी, जेवणाआधी पोटाला इन्सुलिन टोचून घेते आणि मग अर्धा तास घड्याळाकडे बघत बसते, समोर गूळ घातलेली डाळ निवतेय, कारण बडोद्याचं माणूस डाळीतला गूळ काही सोडत नाही. अर्धा तास का, तर तिच्या साध्या इन्सुलिनचे रेणू बाटलीत सहा-सहाच्या गठ्ठ्यात असतात, कातडीखाली गेल्यावर ते सुटे व्हायला वेळ लागतो.

आता समुद्रातली एक गोगलगाय बघा. कोनस जिओग्राफस, प्राण्यांना शास्त्रीय नावं देणाऱ्या लिनिअसने 1758 मध्ये नोंदवलेली, चार-पाच इंचाचा शंख, वर तपकिरी नक्षी, दिसायला एकदम गरीब. खाते काय, तर मासे! ही पळणार कशी माशांमागे, म्हणून बाई रात्री प्रवाळात जाते, तोंड भलंमोठं पसरते आणि सुस्तावलेले मासे आख्खे आत घेते. 2015 मध्ये कळलं की तिच्या विषात चक्क इन्सुलिन आहे आणि तेही माशाच्या इन्सुलिनसारखं, स्वतःच्या शरीरासाठी तिच्याकडे वेगळं आहेच, हे खास शिकारीचं. झेब्राफिश नावाच्या छोट्या माशाच्या पिल्लांच्या पाण्यात टाकून बघितलं तर पिल्लं मंदावली. शुगर लो झाली की काय होतं ते आत्याला विचारा, माशाचंही तेच. वर पोकळ दाताने विष टोचायचं, दात एकदा वापरला की बाद, डिस्पोजेबल सुईच की!

खरी गंमत म्हणजे ह्या इन्सुलिनला गठ्ठा बांधणारा तुकडाच नाहीये, त्यामुळे ते सुटंच असतं आणि पटकन लागू पडतं, मासा निसटायच्या आत काम व्हायला पाहिजे ना. त्यावरून 2020 मध्ये माणसाच्या इन्सुलिनची छोटी आवृत्ती लॅबमध्ये बनवली गेली. आत्याचा पहिला प्रश्न, "गोगलगाय मारतात का रे त्यासाठी?" म्हटलं नाही, लॅबमध्येच तयार करतात. "मग चालेल."

ह्याच घराण्यातल्या कोनस मॅगसच्या विषावरून झिकोनोटाइड नावाचं दुखण्यावरचं औषध आलंय, अमेरिकेत 2004 ला मंजूर झालं, थेट मणक्यात द्यावं लागतं.

द्वारकेला टपरीवर मिळतात ते शंख रिकामे, ते खुशाल शोकेसमध्ये ठेवा. पण लक्षद्वीप-अंदमानला जिवंत कोन, म्हणजे ह्या घराण्यातली कुठलीही गोगलगाय, दिसला तर अजिबात उचलू नका, जाड बाजूने धरलं तरी सोंड वळून पोचते, आणि ह्या विषावर उतारा नाही, डॉक्टर फक्त श्वास चालू ठेवून विष उतरायची वाट बघतात.