वहीतलं वाक्य

इंदूरला रामबागेत माझी अकरावी-बारावीची गणिताची शिकवणी आहे. पुस्तकात ‘प्रतिलोम फलन’ असतं, म्हणजे एका फलनाने (फंक्शनने) केलेलं उलटं फिरवणारं दुसरं फलन, पण वर्गात सगळे ‘इन्व्हर्स’च म्हणतात. परवा चाचणीचे पेपर वाटले. साइन १५० अंशाचा साइन इन्व्हर्स किती? एका मुलीने १५० लिहिलं होतं. मी काट मारून ३० लिहिलं होतं.

तिने वही समोर धरली. “सर, हे तुम्हीच लिहून दिलंय. फंक्शन आणि त्याचा इन्व्हर्स एकमेकांना कटतात.”

अक्षर तिचं, वाक्य माझं. अट कुठेच नव्हती.

मी फळ्यावर वर्ग आणि वर्गमूळ घेतलं. ९ चं मूळ ३, त्याचा वर्ग ९, सुखरूप परत. आता उलट क्रमाने: उणे ३ चा वर्ग ९, त्याचं मूळ ३. उणे ३ गेला आणि ३ परत आला.

“मग साइनला इन्व्हर्स आहेच कसा?” ती म्हणाली. “३० चा साइन अर्धा, १५० चाही अर्धाच.”

इतकी वर्षं शिकवतोय, हा प्रश्न इतका नेमका कुणी विचारला नव्हता. अख्ख्या साइनला इन्व्हर्स नाहीच. आपण उणे ९० ते ९० अंश एवढाच तुकडा ठेवतो, कारण तिथे प्रत्येक किंमत एकदाच येते. इन्व्हर्स त्या तुकड्याचा. म्हणून आधी साइन इन्व्हर्स आणि मग साइन घेतला, तर उणे १ ते १ मधली कुठलीही संख्या जशीच्या तशी मिळते. क्रम उलटला की कोन त्या तुकड्यातला आहे का, हे बघावंच लागतं. १५० बाहेरचा.

‘कटतात’ हा शब्द अपूर्णांकांचा. त्यात इन्व्हर्स दाखवायला साइनच्या डोक्यावर लिहितात ती, जॉन हर्शेल या इंग्रज गणितज्ञाने १८१३ साली वापरात आणलेली उणे १ ची खूण घातांकासारखीच दिसते, म्हणून मुलं साइन इन्व्हर्सला ‘एक भागिले साइन’ही समजतात. क्लासेसच्या सूत्रांच्या पानांवर अट असते, पण इतक्या बारीक टाइपात की ती पाठ करायची नाही असंच मुलांना वाटतं. मी तर तेवढीही लिहिली नव्हती.

मी मार्क परत द्यायला लागलो, तर ती नको म्हणाली. “उत्तर चूकच आहे. वहीत काय लिहू ते सांगा.”

त्या दिवशी सगळ्यांच्या वह्यांत ते वाक्य खोडून अटीसकट नवं लिहवून घेतलं. आधीच्या बॅचेस मात्र जुनंच वाक्य घेऊन इंजिनीअरिंगला गेल्या आहेत.